ट्राउटच्या फ्लायसाठी नवा व्हाइस घेताना: खान्देशात बसून बांधणाऱ्यांसाठी

खान्देशात ट्राउट हा मासा नाही. त्याला बारमाही थंड, खळाळतं पाणी लागतं. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर चढू लागलं की तो खाण्यातून मन काढतो. तापी-गिरणेचं एप्रिलमधलं पाणी त्याच्या कामाचं नाही. पण फ्लाय, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं किड्यासारखं आमिष, बांधायला नदी दाराशी असावी लागत नाही. हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या पाण्यावर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, काश्मीरचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे तिकडे गळ टाकायला मनाई असते नेमके तेच महिने इकडे जळगाव-धुळ्यात थंडीचे, पंखे आणि कूलर बंद ठेवण्याचे. टेबलावर मांडलेलं पीस जागेवर राहतं. हिवाळ्यात बांधायचं आणि उन्हाळ्यात हिमाचलच्या तीर्थन किंवा काश्मीरच्या लिद्दर नदीवर न्यायचं, हे वेळापत्रक इथल्या माणसाला सोयीचं पडतं.

व्हाइस, म्हणजे फ्लाय बांधताना गळ धरून ठेवणारा शिकंजा, निवडताना मात्र इथल्या माणसापुढे एक वेगळा प्रश्न असतो. ट्राउटची वारी वर्षातून एकदा. उरलेलं वर्ष तो चिलापी, खवली, मरळ, जमलंच तर महसीर यांच्यासाठी फ्लाय बांधतो. त्यामुळे त्याच्या डबीत १८ नंबरचा केसासारखा गळही असतो आणि मरळीसाठीचा २/० चा जाडजूड गळही. परदेशी सल्ले बहुधा फक्त ट्राउटवाल्यांना गृहीत धरून दिलेले असतात. ते वाचून नाजूक जबड्याचा व्हाइस मागवला तर पहिल्याच मरळीच्या फ्लायला त्याचे जबडे फाकतात. उलट नुसता दणकट घेतला तर १८ नंबरच्या गळाभोवती बोट शिरायला जागा उरत नाही. आमच्या मते व्हाइसची निवड म्हणजे नव्वद टक्के जबड्याची निवड. रंग, पितळी गुंड्या, लाकडी पेटी हे सगळं नंतर.

आधी स्वतःचे गळ टेबलावर काढा

कॅटलॉग उघडण्याआधी आपण खरोखर कोणत्या मापाचे गळ वापरतो ते बघा. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो: ८ पेक्षा १४ लहान, १४ पेक्षा २० लहान. १ नंतर मोजणी उलटी फिरते आणि १/०, २/०, ३/० असे गळ मोठे होत जातात. ट्राउटच्या ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणाऱ्या) बहुतेक १२ ते १८ मध्ये बसतात, निंफ (पाण्याखालच्या अळीसारख्या) १० ते १६ मध्ये, स्ट्रीमर (छोट्या माशासारख्या) ४ ते ८ मध्ये. चिलापी आणि खवलीला १० ते १४ पुरतात. मरळीला बेडकासारखी तरंगती फ्लाय बांधायची तर १/० ते ३/०.

नंबरापेक्षा तारेची जाडी महत्त्वाची, कारण जबडा तार धरतो, नंबर नाही. १४ नंबरच्या ड्राय गळाची तार अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. २/० च्या मजबूत गळाची तिच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. त्यात ‘हेवी वायर’ निंफचा १० नंबर कधीकधी हलक्या तारेच्या ६ नंबरपेक्षा जाड निघतो. व्हर्नियर असेल तर सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड गळाची तार मोजून दोन आकडे लिहून ठेवा. विक्रेत्याला ‘ट्राउटसाठी चालेल का’ असं विचारण्यापेक्षा ‘या दोन जाडीत जबडा बदलावा लागेल का’ असं विचारलं तर उत्तर कामाचं मिळतं.

जबडे तीन तऱ्हेने बंद होतात

पहिला प्रकार कॅम लिव्हरचा. जबडा म्हणजे टोकाशी चिरलेला पोलादी रॉड. लिव्हर दाबला की रॉड मागे ओढला जातो, शंकूच्या आकाराच्या कॉलरमध्ये घुसतो आणि चीर मिटते. अमेरिकेतला जुना थॉम्पसन मॉडेल ए याच तत्त्वाचा, आणि स्वस्तात मिळणारे बहुतेक भारतीय व्हाइस त्याच्याच धर्तीवर केलेले. यात गळाची जाडी बदलली की कॉलर किंवा मागची गुंडी फिरवून जुळणी करावी लागते. जुळणी बरोबर असेल तर लिव्हर आपल्या फेऱ्याच्या साधारण तीन-चतुर्थांशावर घट्ट होतो. सुरुवातीलाच अडला तर जबडा जास्त आवळलाय. लिव्हरवर जोर देऊ नका, कॉलर सैल करा. शेवटपर्यंत गुळगुळीत गेला तर गळ निसटणार. नवशिक्यांचे व्हाइस मोडतात ते इथेच: १४ नंबरसाठी जुळवलेल्या जबड्यात थेट १/० चा गळ सारायचा आणि लिव्हर अंगठ्याने रेटायचा. जबड्याची टोकं फाकतात, आणि त्यानंतर लहान गळ कधीच धड बसत नाही.

दुसरा प्रकार स्प्रिंगचा, रीगल कंपनीच्या व्हाइसने प्रसिद्ध केलेला. इथे जबडा मुळातच मिटलेला असतो. लिव्हर दाबून तो उघडायचा, गळ ठेवायचा, लिव्हर सोडायचा. जाडीप्रमाणे काही जुळवावं लागत नाही. वर सांगितलेला इथल्या माणसाचा प्रश्न, म्हणजे एका संध्याकाळी १६ नंबर आणि लगेच २/०, याला हा प्रकार सगळ्यात सरळ उत्तर देतो. उणी बाजू अशी की स्प्रिंगचा जोर मोठा असल्यामुळे लिव्हर दाबायला बोटात ताकद लागते. हातात सांधेदुखी असेल तर घेण्याआधी दाबून पाहाच. जबड्याचं डोकंही थोडं जाड असतं, त्यामुळे २० नंबरपेक्षा लहान गळांना अडचण होते. त्यासाठी वेगळे निमुळते जबडे मिळतात.

तिसरा प्रकार स्क्रूचा, किंवा स्क्रू आणि कॅम दोन्हींचा. दोन वेगळे जबडे असतात. पुढचा स्क्रू गळाच्या जाडीप्रमाणे फट ठरवतो आणि मागची गुंडी किंवा कॅम पकड आवळतो. बरेचसे ट्रू रोटरी, म्हणजे गळ जागच्या जागी फिरवणारे व्हाइस याच जातीचे. पकड उत्तम, पण दोन स्क्रूंचं नातं समजेपर्यंत माणूस वैतागतो. नियम साधा आहे: पुढच्या स्क्रूने जबडे जवळजवळ समांतर आणायचे, टोकाकडे अगदी किंचित आधी मिटतील इतके, मग मागच्याने आवळायचं. पुढचा स्क्रू जास्त सैल असेल तर जबडे मागच्या बाजूला मिटतात आणि टोकाशी फट राहते. गळ घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि हॅकल (गळाभोवती गुंडाळायचं कोंबड्याचं पीस) गुंडाळताना नेमका हलतो.

काही व्हाइसच्या जबड्यांना आतून खाचा पाडलेल्या असतात, डायना-किंगसारखे. जाड गळ त्या खाचेत बसवला की टोकांवर ताण येत नाही. २/० वारंवार बांधणार असाल तर ही खाच असलेला जबडा शोधा. एचएमएचसारख्या काही व्हाइसमध्ये अख्खा कॉलेट (चिरलेल्या रॉडचा जबडा) बदलता येतो: एक बारीक गळांसाठी, एक मधला, एक जाड. सोय चांगली, खर्च मात्र कॉलेटगणिक वाढतो.

धातूबद्दल एवढंच: जबडा कडक केलेल्या टूल स्टीलचा हवा. मऊ पोलाद असेल तर दहा-वीस फ्लायनंतर तारेची खाच पडलेली उघड्या डोळ्यांनी दिसते. फार कडक करून धड टेम्पर न केलेला असेल तर टोकाचा कण उडतो. क्रोमचा मुलामा चकाकतो, पण पकडीच्या आतल्या बाजूला मुलामा असूच नये. तो सोलला की गळ घसरतो.

फिरणारा हवा का, आणि किती फिरणारा

तीन गोष्टींची गल्लत होते. एक स्थिर व्हाइस, म्हणजे डोकं जागेवर. दुसरा फिरणारा, ज्याचं डोकं फिरतं पण गळाचा दांडा फिरण्याच्या रेषेवर नसतो, त्यामुळे फिरवताना गळ गोल भोवंडतो. तिसरा ट्रू रोटरी: गळाचा दांडा नेमका अक्षावर, फिरवला की गळ जागच्या जागी सुईसारखा फिरतो.

फ्लायची पलीकडची बाजू बघण्यासाठी दुसरा प्रकार पुरेसा आहे, आणि पलीकडची बाजू बघता येणं अत्यावश्यक आहे. निंफच्या पोटावर तारेचे वेढे समान अंतरावर पडलेत का, पंख एका अंगाला कललाय का, हे फक्त समोरून कळत नाही. तेव्हा पूर्ण स्थिर व्हाइस आता घेऊ नये, कितीही स्वस्त असला तरी.

ट्रू रोटरीचा फायदा गुंडाळण्याच्या कामात. वुली बगर या स्ट्रीमरचं शेनिल (मखमली दोरी), अंगभर गुंडाळलेलं हॅकल, घोड्याच्या केसाचं किंवा मोरपिसाच्या हर्लचं (तंतूचं) अंग: एका हाताने साहित्य धरायचं, दुसऱ्याने गळ फिरवायचा, वेढे एकसारखे पडतात. सारंगखेड्याच्या यात्रेला घोड्यांचा बाजार भरतो. तिथून शेपटीचे लांब केस मिळाले तर निंफच्या अंगाला ते सुंदर दिसतात, पण हाताने गुंडाळताना सुटतात. फिरत्या गळावर तेच काम सोपं होतं. मात्र गळ फिरवताना बॉबिन (दोऱ्याची रीळ धरणारं अवजार) दोऱ्यासकट बाजूला टेकवून ठेवायला क्रेडल लागतं. ते नसेल तर दोराही गळाभोवती गुंडाळला जातो. ट्रू रोटरी घेतला आणि क्रेडल घेतलं नाही, तर फिरणारा भाग कधी वापरलाच जात नाही.

१४ ते १८ च्या साध्या ड्राय फ्लायला ट्रू रोटरीची गरज नाही. तिथे दोन-चार वेढ्यांचं काम असतं, ते हाताने लवकर होतं. शिवाय प्रत्येक मापाच्या गळाला दांडा अक्षावर आणण्यासाठी जबड्याची उंची किंवा गळाची जागा जुळवावी लागते. एकाच मापाच्या डझनभर फ्लाय बांधणाऱ्याला याचं काही वाटत नाही. दर फ्लायला माप बदलणारा माणूस तिसऱ्या दिवशी जुळवणं सोडून देतो. निंफ आणि स्ट्रीमर जास्त बांधत असाल तर ट्रू रोटरीला पैसे लावा. मुख्य बांधणी ड्राय फ्लायची असेल तर तेच पैसे चांगल्या जबड्यात घाला.

डावखुऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारावी: फिरवायची मूठ आणि लिव्हर दुसऱ्या बाजूला घेता येतात का. काही व्हाइसमध्ये डोकं उलटं बसवून काम भागतं, काहींत डावखुरा वेगळाच मागवावा लागतो.

टेबल कोणतं, त्यावर बेस कोणता

सी क्लॅम्प की जड बेस, हा प्रश्न घरात बसायची जागा ठरवते. क्लॅम्प हलका, पकड पक्की, आणि उभा रॉड वर-खाली करून उंची जुळवता येते. पण त्याचं तोंड बहुधा पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतच उघडतं. शिवाय कडेखाली चार-पाच सेंटिमीटर सपाट जागा लागते. इथल्या घरांतली बरीच टेबलं सागवानी जुनी असतात, फळीखाली चारी बाजूंनी उभी पट्टी ठोकलेली. क्लॅम्पचा स्क्रू त्या पट्टीवर येतो आणि बसत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर क्लॅम्प लावायचा तर दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला आणि बोटांच्या जोरानेच आवळा, नाहीतर कडेचा टवका उडतो. काचेच्या टेबलावर क्लॅम्प लावूच नका.

बेसवाला कुठेही ठेवता येतो: अभ्यासाचं टेबल, चौरंग, अंगणातली खाट सोडून काहीही. पण बेस हलका असला तर दोरा ताणताना व्हाइस तुमच्याकडे सरकत येतो किंवा कलतो. दोन किलोच्या खालचा बेस ट्राउटच्या बारीक दोऱ्याला चालतो, मरळीच्या फ्लायसाठी हरणाच्या केसाचे झुबके आवळताना चालत नाही. तिथे जाड दोरा पूर्ण ताणावा लागतो. अडीच-तीन किलो धरा.

इथे एक काम घराजवळ होतं. बहुतेक अमेरिकी व्हाइसचा उभा रॉड तीन सूत जाडीचा, म्हणजे ३/८ इंच असतो. तेव्हा क्लॅम्पवाला व्हाइस मागवायचा आणि बेस जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या कुठल्याही लेथवाल्याकडून करून घ्यायचा; परदेशातून लोखंडाच्या वजनाचं भाडं द्यायला नको. एमएस (माइल्ड स्टील) प्लेट १५० बाय २०० मिलिमीटर, जाडी १२ मिलिमीटर: वजन साधारण २.८ किलो भरतं. १५० बाय १५० ची घेतली तर २.१ किलो. भोक प्लेटच्या मधोमध नको, मागच्या कडेपासून ४० मिलिमीटरवर पाडा, म्हणजे जबडा प्लेटच्या वरच येतो आणि वजन दोऱ्याच्या ओढीच्या बाजूला राहतं. त्यावर २५ मिलिमीटर उंचीचा बॉस (रॉड धरणारा लोखंडी गोल ठोकळा) वेल्ड करून त्यात रॉड बसेल असं भोक, बाजूने एम६ चा ग्रब स्क्रू. लेथवाल्याला ‘दहा एमएम’ सांगू नका. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, दहाच्या भोकात रॉड अर्धा मिलिमीटर डुलतो आणि ते डुलणं जबड्याशी कित्येक पट होऊन दिसतं. रॉड सोबत न्या, त्यालाच धरून भोक करून घ्या. बॉस आधी वेल्ड करायचा आणि भोक नंतर पाडायचं. उलटं केलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने भोक वाकडं होतं आणि व्हाइस तिरका उभा राहतो. खाली चार रबरी बुश, वर रेड ऑक्साइड आणि रंग. पावसाळ्यात उघडं लोखंड टेबलाला गंजाचा डाग पाडतं.

उंचीचा अंदाज: खुर्चीवर बसून दोन्ही कोपरं टेबलाला टेकवली की गळ बोटांच्या पातळीला यावा. बहुतेकांना टेबलापासून जबडा १५ ते २० सेंटिमीटरवर लागतो. यापेक्षा खाली असेल तर मान वाकते आणि तासाभरात खांदे भरून येतात. चौरंगापुढे मांडी घालून बसणार असाल तर उंच रॉड मागवा.

पार्सल हातात आल्यावर

परतीची मुदत संपायच्या आत या पाच परीक्षा करा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

जबडा रिकामा मिटवा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. टोकाशी प्रकाशाची रेघ दिसली तर जबडा टोकाला मिटत नाही. जुळवूनही रेघ राहिली तर परत पाठवा. टोकं एकमेकांच्या वर-खाली आली असतील तर तेही परत. सोनाराकडचं डोळ्याला लावायचं भिंग यासाठी फार उपयोगी पडतं, आणि जळगावच्या सराफ्यात त्या अवजारांची दुकानं आहेत.

मग १४ नंबरचा गळ वाकाच्या खालच्या भागात धरा, टोक जबड्याच्या बाहेर. नेढ्याजवळ अंगठ्याने हळूच खाली दाबा. चांगल्या व्हाइसमध्ये तार आधी लवते आणि सोडली की परत येते. गळ जबड्यातच फिरला तर पकड नाही. हीच परीक्षा तुमच्या सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक गळावर करा. जाड गळ जबड्याच्या टोकाशी धरू नका, थोडा आत घ्या; बारीक गळ टोकाशी.

तिसरी परीक्षा डुलण्याची. गळ धरून डोकं बोटांनी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. कुठून खटखट येते ते बघा: रॉडच्या बॉसमध्ये असेल तर स्क्रू आवळून जाते, फिरत्या बेअरिंगमध्ये असेल तर जात नाही.

ट्रू रोटरी असेल तर गळाच्या नेढ्यामागे एक सुई मातीच्या गोळ्यात उभी करा, टोक नेढ्याला जवळजवळ टेकेल अशी. आता गळ फिरवा. पूर्ण फेऱ्यात नेढं सुईपासून तारेच्या जाडीपेक्षा जास्त सरकू नये. सरकलं तर आधी गळाची जागा बदलून बघा, कारण बऱ्याचदा दोष जुळवण्याचा असतो. तीन-चार वेळा करूनही भोवंडत असेल तर अक्षच वाकडा आहे. फिरण्याचा ताणही इथेच बघून घ्या: बोटाने ढकललं तर फिरावं, दोरा ओढला तर आपोआप फिरू नये. बहुतेकांत यासाठी एक ताणाचा स्क्रू असतो.

शेवटची परीक्षा बोटांची. १६ किंवा १८ नंबरचा गळ लावून त्याच्या मागे, जबड्याच्या खाली, दोन बोटं जातात का बघा. शेपटीचे तंतू धरायला ती जागा लागते. जबड्याचा कोन जास्त आडवा असेल तर हात अडतो. ही गोष्ट कोणत्याही फोटोत कळत नाही, म्हणून ऑनलाइन घेताना समोरून काढलेल्या फोटोवर विसंबू नका. बाजूने काढलेला फोटो मागा.

पैसे कुठे घालायचे

नामांकित अमेरिकी ट्रू रोटरी दोनशे डॉलरच्या पुढे जातो, त्यावर कुरिअर आणि सीमाशुल्क. दुसऱ्या टोकाला थॉम्पसनच्या धर्तीचे देशी व्हाइस एक-दोन हजारांच्या आसपास मिळतात. या देशी व्हाइसचा दर्जा नगागणिक बदलतो: एक उत्तम निघतो, त्याच खोक्यातला दुसरा टोकाला मिटत नाही. वरच्या परीक्षा करून निवडता येत असेल तर तो पहिल्या वर्षाला वाईट नाही. मधल्या किमतीतले बिननावाचे चकचकीत ‘रोटरी’ मात्र टाळा. त्यांच्यात पैसे फिरण्याच्या यंत्रणेवर गेलेले असतात आणि जबडा तोच मऊ.

व्हाइस, कात्री, पिसं, दोरा असं सगळं मिळून येणारं किट घेऊ नये. व्हाइस हलका आणि पिसं निकृष्ट. पिसांपुरतं म्हणाल तर गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं इथे सहज मिळतात. ती वेट फ्लाय (पाण्याखाली जाणारी) आणि वुली बगरला छान चालतात, पण त्यांचे तंतू लांब आणि मऊ असल्यामुळे १६ नंबरची ड्राय फ्लाय त्यांवर तरंगत नाही. तिच्यासाठी खास जोपासलेल्या कोंबड्यांचं हॅकल विकत घ्यावं लागतं. मोराची गळून पडलेली पिसं देशात बाळगायला मुभा आहे, परदेशी पाठवायला नाही. सातपुड्यातला ससा आणि रानकोंबडा यांच्या वाटेला जाऊ नका, ते वन्यजीव कायद्याखाली येतात.

जोडीच्या वस्तूंपैकी साहित्य अडकवायची स्प्रिंग आणि बॉबिन क्रेडल घ्या. पॅराशूट प्रकारच्या फ्लायचं अवजार, भिंग, कचऱ्याची पिशवी हे सगळं मागाहून, किंवा कधीच नाही. कचऱ्याला टेबलाच्या कडेला अडकवलेली जुनी पिशवी चालते.

ऊन, धूळ आणि पावसाळा

मार्चपासून धूळ आणि मे महिन्यात ४५ अंशांपर्यंतचा पारा, हे दोन्ही व्हाइसला त्रास देतात. धूळ फिरत्या बेअरिंगमधल्या तेलात मिसळून कानस होते. म्हणून तेल कमी: शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, महिन्यातून एकदा, बाहेर आलेलं पुसून. ग्रीस घालू नका. जबड्याच्या आतल्या बाजूला तेलाचा थेंबही नको. चुकून लागला तर स्पिरिटने पुसा, नाहीतर गळ घसरतो आणि वाटतं जबडाच सैल झाला. पावसाळ्यात उलट करायचं: काम झालं की जबड्यावर तेलाचा फडका फिरवायचा, बांधायला बसताना स्पिरिटने पुसून घ्यायचा.

उन्हाळ्यात फ्लायच्या डोक्यावर लावायचं वार्निश बाटलीतच घट्ट होतं आणि सुकून जबड्यावर कवच धरतं. ते खरवडायला सुरी वापरू नका, एसीटोन लावलेली काडी पुरते. कूलरसमोर बसून बांधायचं ठरवलंच तर व्हाइस असा ठेवा की वारा तुमच्या पाठीकडून येईल आणि तुमचं अंगच आडोसा होईल.

जबड्यात गळाचं टोक कधी दडवू नका. टोक झाकलं म्हणजे दोरा अडकत नाही हे खरं, पण कडक केलेलं टोक दाबाखाली तडकतं आणि ते कळतं मासा सुटल्यावर. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चेपायचा असेल तर तो चपट्या पकडीने, फ्लाय बांधायच्या आधी. व्हाइसच्या टोकाने चेपलात तर टोकाला खड्डा पडतो. शिवाय काटा चेपताना काही गळ मोडतातच. कोरा गळ मोडला तर नुकसान एका गळाचं, बांधलेला मोडला तर अर्ध्या तासाचं.

हिमाचलला जाताना व्हाइस सोबत न्यायचा असेल तर तीन किलोची प्लेट घरीच ठेवा आणि सी क्लॅम्प न्या. नदीकाठच्या खोलीतलं टेबल कसं असेल सांगता येत नाही, म्हणून सोबत एक १८ मिलिमीटर प्लायचा वीतभर रुंद तुकडा घ्या. तो टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवायचा, आतल्या भागावर दोन जड पुस्तकं किंवा पाण्याच्या बाटल्या, आणि बाहेरच्या भागाला क्लॅम्प. विमानाने जात असाल तर व्हाइस, कात्री, बॉडकिन (मुठीची सुई) सगळं चेक-इन सामानात. जबड्याची टोकं कापडात गुंडाळा आणि लिव्हर सैल सोडून ठेवा. आवळलेल्या अवस्थेत दोन दिवस प्रवास केला तर कॅमवर उगाच ताण राहतो.